जास्तीची पिन

तिनं व्हॉल्व्हच्या तोंडात तारेचं टोक दाबलं आणि नाकाच्या चाकातली हवा फुस्सकन तिच्या तोंडावर आली. रबराचा आणि तापलेल्या धुळीचा वास. फुसफुस थांबली तरी तिनं तार तशीच दाबून धरली आणि मनात वीसपर्यंत मोजलं. लहान विमानाचं चाक म्हणजे बोल्टनं एकमेकींना जोडलेल्या दोन वाट्या. आत हवा असताना जो त्या खोलायला जातो, त्याला पुढे आरशाची गरज उरत नाही. हे तिला वडिलांनी, आप्पांनी शिकवलं होतं, ती दहा वर्षांची असताना, सायकलची ट्यूब हातात देऊन.

विमान चार जणांचं. शेपटी खाली ओढून फरशीतल्या लोखंडी कडीला बांधलेली, म्हणून नाक वर आणि पुढचं चाक जमिनीपासून वीतभर अधांतरी.

"नाक वर ठेवायचं तर शेपूट बांधून घ्यावी लागते," स्टोअरवाले मामा जाळीच्या खिडकीतून म्हणाले. हे ते दर वेळी म्हणायचे आणि म्हणताना हँगरच्या दारातून समोरच्या क्लबच्या इमारतीकडे बघायचे. तिथं कॅप्टनची खोली होती.

"मामा, बेअरिंगचं ग्रीस द्या. निळं."

"निळंच देतो. आज लाल मागितलंस तरी निळंच देईन. आज सगळं नियमात हवं. साहेबांचा दिवस आहे."

बाहेर गवतावर खुर्च्या मांडणं चाललं होतं. कुणीतरी माईकमध्ये "हॅलो, हॅलो, एक, दोन" करत होतं आणि तिनावर आवाज दर वेळी किंचाळत होता. चौतीस वर्षं या फ्लाइंग क्लबचा मुख्य शिक्षक असलेला कॅप्टन आज चार वाजता शेवटचं उड्डाण करणार होता. मैदानावरून दोन फेऱ्या, मग भाषणं, मग चहा. आणि सोमवारपासून तोच माणूस क्लबचा सल्लागार, म्हणजे खुर्ची बदलणार, बूड तेच.

उड्डाणाच्या वहीत कॅप्टनच्या उभट अक्षरात एक ओळ होती: 'नाकाचे चाक धावपट्टीवर थरथरते. पाहावे.'

तिनं चाक उतरवलं, बाजूला फडक्यावर ठेवलं. बेअरिंग धुतलं, उजेडात फिरवलं. ठीक होतं. थरथर मारणारी तेलाची छोटी नळी हातानं दाबून पाहिली. तीही ठीक. राहिली कात्री. चाकाच्या खांबावर पुढून दोन पात्यांचा लोखंडी सांधा असतो, त्याला सगळे कात्री म्हणतात. चाक सरळ धरून ठेवणं हे तिचं काम. कात्रीतून जाणारा बोल्ट, बोल्टावर नट, आणि नट फिरू नये म्हणून त्यातून आरपार घातलेली, दोन पाय फाकवलेली पिन. केसात खोचायच्या आकड्याएवढी. पण सगळी कात्री गवत आणि वाळलेल्या चिखलानं लिंपून गेली होती. ती धुवायला वेळ लागणार होता, म्हणून ते काम शेवटी ठेवून तिनं इंजिनावरचं झाकण काढलं, आणि तिचा हात थांबला.

इंजिनामागच्या पत्र्यावर, जिथं चाकाचा खांब येऊन बसतो तिथं, सुरकुत्या होत्या. झोपून उठलेल्या माणसाच्या सदऱ्यावर असतात तशा. तीन मोठ्या, दोन बारीक, आणि सगळ्यांवरचा रंग तडकलेला. तिनं नखानं रंगाचा पोपडा उचलला. आतला धातू चकचकीत होता. म्हणजे ताजं.

चाकाच्या थरथरीनं पत्र्याला अशा सुरकुत्या पडत नाहीत. विमान मागच्या दोन चाकांवर उतरवायचं सोडून नाकावर आपटलं की पडतात.

"मामा," तिनं आवाज न चढवता विचारलं, "गुरुवारी कॅप्टन एकटेच उडाले होते ना?"

मामांनी टाचण्यांचा डबा पुढे ओढला.

"मला काय विचारतेस बाई. मी टाचण्या मोजणारा माणूस."

"मामा."

"चेंडूसारखं उडालं," मामा हळूच म्हणाले. "तीनदा. पहिल्यांदा नाकावर. मी डोळे मिटले. मला वाटलं, झालं, अठरा वर्षांपूर्वीचंच पुन्हा." मग खिडकीला तोंड लावून, "पण मी काही बघितलं नाही हं. डोळे मिटले होते, सांगितलं ना."

*

अठरा वर्षांपूर्वी याच पट्टीवर असंच एक लहान विमान नाकावर बसलं होतं. चाक मोडून, पंखा गवतात रुतून. आत कॅप्टन होता. त्याला खरचटलंही नाही. आदल्या दिवशी त्या चाकाचं काम आप्पांनी केलं होतं.

चौकशीच्या अहवालात कामाची वाक्यं दोनच. 'नाकाचे चाक मोडले. कात्रीच्या बोल्टाला पिन आढळली नाही.' बाकीची अकरा पानं कॅप्टनच्या प्रसंगावधानाची.

आई शाळेत भाषा शिकवायची. तिनं तो अहवाल स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून वाचला आणि वही तपासायची लाल पेन्सिल घेतली. पहिल्या वाक्याखाली रेघ मारून समासात लिहिलं: कर्ता?

"बघ," ती लेकीला म्हणाली, "मोडलं हे मोठं लबाड क्रियापद आहे. आपोआप मोडलं तरी मोडलं, कुणी मोडलं तरी मोडलंच. कर्ता लिहिला नाही की वाक्य वाटेल त्याच्या अंगावर ढकलता येतं."

दुसऱ्या वाक्याखाली दोन रेघा. "आढळली नाही. कुणाला? कुठं शोधली? मुलांनी असं लिहिलं तर मी अर्धा गुण कापते."

इथं अर्धा गुण कुणी कापला नाही. आप्पांचं लायसन कापलं.

आप्पा भांडले नाहीत. त्यांनी समितीसमोर एकच गोष्ट सांगितली होती, ती कुणी लिहून घेतली नाही. ते म्हणाले, मी स्टोअरमधून मोजून तीन पिना घेतल्या. भोकं तीन. काम संपलं तेव्हा माझी वाटी रिकामी होती. जास्तीची पिन उरली नाही, म्हणजे भोक रिकामं राहिलेलं नाही. समितीतला एक जण हसला. म्हणाला, हा काय पुरावा झाला? त्यानंतर आप्पा सतरा वर्षं एका गोदामाच्या फाटकावर बसले, आत जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहीत. ज्या माणसाला इंजिनाच्या आवाजावरून कुठला सिलिंडर आजारी आहे ते कळायचं, तो फाटकाची कडी वर-खाली करत राहिला. गावात त्यांचं नाव पडलं पिनवाला.

दहा वर्षांनी ती स्वतः लायसन घेऊन या हँगरमध्ये रुजू झाली, त्या दिवशी कॅप्टननं दारातूनच हात पसरले होते. "अरे वा! पिनवाल्याची पिन आली!" सगळे हसले. तिचं नाव पिन पडलं. आठ वर्षं तिनं त्या नावाला 'हो, साहेब' म्हटलं. हसून म्हटलं. दाढ आवळून हसता येतं, सवयीनं जमतं. तिला कॅप्टनचा पगार नको होता, खुर्ची नको होती, माफी तर मुळीच नको होती. माफी तोंडी असते, वाऱ्यावर जाते. तिला त्याच्या हातानं, शाईनं लिहिलेलं एक वाक्य हवं होतं, ज्यात कर्ता असेल. आणि ते आप्पांचे डोळे चालताहेत तोवर हवं होतं.

कारण आप्पांचं बाकीचं फारसं चालत नव्हतं. मागच्या वर्षीच्या आजारानं उजवा हात आणि बहुतेक सगळे शब्द नेले होते. डॉक्टरांनी बोटं हलती ठेवायला सांगितलं, म्हणून आईनं त्यांच्या हातात एक पिन दिली होती. लेकीची कामाची डांगरी धुताना वरच्या खिशात सापडली, कोरी करकरीत, पाय जुळलेले. गेले दोन महिने आप्पा ती बोटांत फिरवत बसायचे आणि ती कामावर निघाली की विचारायचे, "ही कुठली?"

"असेल जास्तीची, आप्पा."

"जास्तीची नसते."

"बरं, नसते."

रोज हेच. आज सकाळी मात्र त्यांनी वेगळं केलं. ती बूट घालत होती, तेव्हा तिचा हात ओढला, पिन तळव्यावर ठेवली, तिची बोटं एकेक करून मिटली आणि म्हणाले, "लाव."

"लावते हं आप्पा," लहान मुलाला म्हणावं तसं ती म्हणाली आणि पिन खिशात टाकली. आईकडे बघून डोळ्यांनीच म्हणाली, बघ, पिननं यांना काही सोडलं नाही.

*

"काय गं पिन? झालं का?"

कॅप्टन आला. पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट, काळा चष्मा डोक्यावर ढकललेला. घोड्याची मान थोपटावी तसं त्यानं विमानाच्या अंगावर दोनदा थोपटलं.

"चारला गाडी हवी मला. तीनला बाहेर ढकलून ठेव. फोटोवाला येतोय."

"नाही झालं."

"थरथर मारायला किती वेळ? नळीत तेल भर, कात्री आवळ, मोकळी हो. तुझा बाप अर्ध्या तासात करायचा."

बापाचं नाव आज त्यानं काढायला नको होतं. तिनं हात फडक्याला पुसले. एकेक बोट पुसलं.

"इकडे या, कॅप्टन. एक गंमत दाखवते."

तो वाकला. सुरकुत्या त्यानं पाहिल्या, आणि त्या पाहिल्यावर चेहऱ्यावर जे यायला हवं होतं ते आलं नाही. आश्चर्य आलं नाही. तिनं नेमकं तेच बघितलं.

"जुनं असेल," तो म्हणाला.

"दोन महिन्यांपूर्वी मीच हे झाकण काढलं होतं. पत्रा सपाट होता. तशी नोंद आहे, सही आहे."

"मग तूच काहीतरी केलं असशील. खाली सोडताना आपटलं असेल. सही तर तुझीच आहे म्हणतेस ना, शेवटची?" तो हसला. "घराण्याचा गुण आहे तुमचा."

हे असं चालतं बघा. माणूस खड्ड्यात पडतो आणि वर येण्यासाठी दुसऱ्याच्या डोक्यावर पाय ठेवतो, आणि वर आल्यावर त्यालाच विचारतो, तू खाली काय करतोयस. एका घराण्यावर एकदा जमलं, म्हणून याला वाटलं पुन्हा जमेल.

"गुरुवारी तुम्ही एकटे होतात," ती म्हणाली. "शेजारी विद्यार्थी नव्हता त्याच्या नावावर घालायला. आता दोन रस्ते आहेत. वैमानिकानं स्वतः लिहिलं की विमान जोरात टेकलं, तर फक्त तपासणी होते. विमानाची. त्यानं लपवलं आणि मेकॅनिकला सापडलं, तर चौकशी होते. माणसाची. नियम तुम्हीच शिकवता ना पोरांना?"

बाहेर माईक किंचाळला. कॅप्टननं दाराकडे पाहिलं. खुर्च्यांची पहिली रांग भरायला लागली होती.

"फोटो काढलेत मी," ती म्हणाली. "पत्र्याचे. पाठवले नाहीत अजून."

"पिन, बेटा..."

"वही तिथं ठेवलीय. पेन आहे वर."

त्यानं वही ओढली. त्याच्या मनात काय गणित चाललं होतं ते तिला दिसत होतं. एक ओळ लिहायची, ही शांत होईल, सही करेल, चारला उडायचं. सोमवारी सल्लागार झालं की वही आपलीच.

"आधी 'थरथरते' खोडा," ती म्हणाली. "एकाच रेघेनं. खालचं वाचता आलं पाहिजे. आणि शेजारी सही."

त्यानं खोडलं, सही केली. खाली लिहिलं: 'विमान नाकावर आपटले.' वही तिच्याकडे सरकवली.

तिनं वाचली आणि परत सरकवली.

"कर्ता?"

"काय?"

"वाक्यात कर्ता नाही. कुणी आपटलं? वाऱ्यानं? गवतानं? मेकॅनिकनं?"

"तू मला मराठी शिकवणार?"

"मी नाही. माझी आई शिकवायची. ती असल्या वाक्याला अर्धा गुण कापते."

खिडकीमागे मामांना एकदम खोकला आला. कॅप्टन मानेपासून कपाळापर्यंत लाल होत गेला. पेन त्यानं एवढं दाबून धरलं की बोटांची टोकं पांढरी पडली. वाक्याच्या आधी ओळीत जागा नव्हती. त्यानं समासात, रेघेच्या बाहेर, अंग चोरून बसवावा तसा तो शब्द बसवला. मी.

'मी विमान नाकावर आपटले.' तारीख, वार, सही.

"आता तुझी सही," तो म्हणाला. "घे, कर पटकन."

"सही कशावर?"

"विमान सोडायला!"

"नाकावर आपटलेलं विमान कसं सोडणार, कॅप्टन? तुम्हीच लिहिलंयत. पत्रा बदलायचा, खांब उतरवायचा, वरून माणूस येऊन बघणार. तीन महिने तरी हे जागचं हलत नाही." तिनं वही छातीशी धरली. "मी सही करीन असं म्हटलं होतं का? मामा, म्हटलं होतं मी?"

"मी काही ऐकलं नाही," मामा म्हणाले. "पण हे नक्की ऐकलं नाही."

कॅप्टननं चष्मा डोळ्यांवर ओढला.

"बापाला तरी निदान लाज होती," तो म्हणाला. "गप्प बसला होता. या पानाचं काय करायचं ते मी बघतो. तुझी एक चूक सापडू दे मला, फक्त एक. फाटकावर अजून एक खुर्ची रिकामी असेल."

तो उन्हात गेला. बाहेर टाळ्या पडल्या. त्याला बघून उभे राहिले असावेत.

तिला आनंद झाला. लपवण्यासारखं त्यात काही नाही. चौतीस वर्षं नाक वर करून फिरलेल्या माणसाचं नाक तिनं वहीच्या पानावर घासलं होतं, आणि तेही नियमाला धरून, आवाज न चढवता. तिनं त्या पानाचा फोटो काढून आईला पाठवला. क्षणात उत्तर आलं.

'कर्ता आला. यांना दाखवते.'

लगेच दुसरं: 'यांनी वाचलं. रडताहेत. तुला विचारताहेत, पिन लावलीस का.'

ती हसली. फोन खिशात टाकला.

*

राहिलेलं काम संपवायचं होतं. विमान जाणार कुठं नव्हतं, पण काम अर्धवट टाकून वहीत लिहिणं तिला माहीत नव्हतं. तिनं केरोसिनचा डबा आणि ब्रश घेतला आणि कात्री धुवायला बसली. चिखलाची ढेपळं सुटून पत्र्याच्या ट्रेमध्ये पडत होती. गवताच्या काड्या, एक चुरगळलेला नाकतोडा. वरचा बोल्ट उघडा झाला: नट, पिन, फाकवलेले पाय, जागच्या जागी. मधलाही तसाच. तिनं खालच्या बोल्टावर ब्रश मारला.

नट हलला.

ब्रशच्या केसांनी हलला. तिनं त्याला बोट लावलं. तो बोटानं फिरला, बाटलीच्या झाकणासारखा.

बाहेर कुणीतरी भाषण सुरू केलं होतं. ती उठली नाही. तिनं नट बोटानंच फिरवत पुन्हा जागेवर नेला. त्याच्या खाचा आणि बोल्टाचं भोक एका रेषेत आलं. भोकात निळं ग्रीस होतं, गुळगुळीत, बूच बसवल्यासारखं. तिनं मघाचीच तार घेऊन ते ढकललं. भोकातून पलीकडचा उजेड दिसला.

पिन तुटली असती तर तुकडा राहिला असता. गळून पडली असती तर तिच्या पायांचा ओरखडा नटाच्या कडेवर राहिला असता. कडा कोऱ्या होत्या. इथं पिन कधी बसलीच नव्हती. आणि ते निळं ग्रीस तिच्या स्वतःच्या बोटानं भरलेलं होतं, दोन महिन्यांपूर्वी.

मग तिला सगळं आठवलं, न बोलावता. पहिल्या दोन पिना लावून झाल्या होत्या. तिसरी तिनं ओठांत धरली होती, दोन्ही हात नटावर होते. तेवढ्यात दारातून, चार पाहुण्यांच्या देखत, हाक आली: "ए पिन! इकडे ये, तुझी ओळख करून देतो. हिच्या बापाची गोष्ट सांगितली ना, तीच ही!" ती उठली होती. ओठांतली पिन काढून वरच्या खिशात टाकली होती, कारण ओठांत पिन धरून त्या माणसाला 'हो, साहेब' म्हणणं तिला मेल्याहून मेल्यासारखं वाटलं असतं. दहा मिनिटं हसून उभी राहिली होती. परत आली तेव्हा कान तापलेले होते, डोळ्यांपुढे दुसरंच काही होतं. वाटी रिकामी दिसली. रिकामी वाटी म्हणजे काम पूर्ण. तिनं सही केली होती.

पिन नाही, म्हणून नट ढिला. नट ढिला, म्हणून कात्रीत खेळ. खेळ, म्हणून चाक थरथरत होतं.

तिनं वहीकडे पाहिलं. 'नाकाचे चाक धावपट्टीवर थरथरते.' ज्या ओळीवर तिनं त्याला रेघ मारायला लावली, ती ओळ खरी होती. पुढचीही खरी होती. पत्रा थरथरीनं चुरगळत नाही. तो त्यानं आपटला होता, आणि कात्रीला पिन असो नसो, आपटलाच असता. दोन्ही खरं होतं, पण आठवडा गेला की कुणाला दोन्ही ऐकायचं नसणार होतं. लोकांना एकच वाक्य लागतं, सोपं. पिन आढळली नाही. बाप तसा, लेक तशी. अठरा वर्षांपूर्वीची ती रिकामी वाटीसुद्धा त्यात बुडून जाईल. लोक म्हणतील, हिचीही वाटी रिकामीच होती ना?

तिनं वरच्या खिशात हात घातला. आप्पांची पिन होती. कोरी, पाय जुळलेले, दोन महिने बोटांत फिरून चकचकीत झालेली. तिनं ती भोकापाशी नेली. माप तेच होतं, असणारच. ढकलायची, पाय फाकवायचे, वरून चिखलाचा एक हात. घड्याळात बघितलं तर अर्धं मिनिट. कॅप्टनचा मी वहीत शाईनं आहे, तो कुठं जात नाही. आणि घरी सांगायचं, हो आप्पा, लावली. ते खोटंही नसेल.

पिनचं टोक भोकाच्या कडेला टेकलेलं होतं. बाहेरच्या भाषणात कुणीतरी म्हणालं, "चौतीस वर्षांत एकही चूक नाही," आणि टाळ्या कडाडल्या.

तिनं हात मागे घेतला.

"मामा. जरा बाहेर या."

मामा बाहेर आले, चष्मा पुसत. तिनं नटातल्या भोकाकडे बोट दाखवलं. ते गुडघ्यावर हात ठेवून वाकले, एक डोळा मिटला.

"काय दिसतं?"

"खुर्च्या दिसतात," मामा म्हणाले. मग ते काय बोलले ते त्यांच्याच ध्यानात आलं आणि ते सावकाश सरळ झाले. त्यांनी तिच्या हातातली पिन बघितली, तिचा चेहरा बघितला, दाराकडे बघितलं.

"मी डोळे मिटू शकतो," ते म्हणाले. "माझे डोळे सवयीचे आहेत."

"नको."

"अगं, तुला कळतंय का? त्यानं एक चूक मागितलीय, एक. घरात मिळवणारी तू एकटी. त्या म्हाताऱ्याचं काय होईल?"

वही घेऊन ती विमानाच्या चाकापाशी खाली बसली, मांडीवर उघडली. आप्पांची पिन पानाच्या घडीत ठेवली, म्हणजे पान वाऱ्यानं उलटणार नाही.

"बरं, लिहायचंच तर साधं लिही," मामा तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. "'पिन आढळली नाही.' एवढंच. खोटं नाही त्यात काही. आजवर सगळे असंच लिहीत आलेत. चालतं."

वर समासात, रेघेच्या बाहेर, कॅप्टनचा तो चेंगरलेला शब्द होता. तिनं त्याच्या खालची ओळ धरली. समास सोडला, रेघेच्या आत पेन टेकवलं, आणि आई फळ्यावर काढायची तसा, मोठा आणि सुटा, पहिला शब्द लिहिला.

"अगं," मामा म्हणाले, "अगं, पिन शब्दापासून सुरू कर ना."

तिनं तो पुन्हा एकदा गिरवला, दाबून, खालच्या पानावर उमटेल इतका, आणि पुढचं वाक्य लिहायला घेतलं.